राखेच्या गोठ्याचं दार

वरुण्याजवळच्या माळावर राखेची एक टेकडी होती आणि ती उकरण्याचं सरकारी काम येसाजीरावांकडे आलं होतं. तेव्हा म्हैसुरात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. राखेत डोकं खुपसणारे अधिकारी त्याहूनही कमी. हजारो वर्षांपूर्वी गुरं राखणारे लोक तिथे आपली खिल्लारं कोंडत. चारा संपला की साचलेलं शेण पेटवून देत, दार दगडांनी बुजवत आणि पुढच्या कुरणाकडे निघत. गुरांनी जुन्या गोठ्याकडे वळू नये म्हणून. थर पाहून हे येसाजीरावांनीच ताडलं होतं आणि घरी बायकोला कौतुकानं सांगितलंही होतं.

"मग ते दार उघडलंत कशाला?" गोदावरीबाई म्हणाल्या. "आज संक्रांत. गुरं किच्चूच्या जाळावरून उडवायची. त्यांना उघडं दार दिसलं तर? बेगा, लवकर जाऊन बुजवून या."

"फोटो राहिलाय गं. उद्या बुजवतो."

हे 'उद्या' त्यांना जन्मभर पुरलं.

संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गवताचा किच्चू पेटला. शिंगं रंगवलेली, हळदीनं माखलेली गुरं ज्वाळांवरून उड्या घेत घराकडे पळू लागली. गोदावरीबाईंची गंगी शेवटची. माहेराहून वासरू म्हणून आणलेली, मूल नसलेल्या घरातलं लेकरूच ते. पुढचा डावा खूर तेवढा वाकडा. तिनं उडी घेतली. गळ्यातली घंटा वाजली... आणि पलीकडे कुणीच उतरलं नाही. जळक्या शेणाचा वास मात्र दाटून आला. त्या आगीत शेण नव्हतंच.

"अय्यो... गंगी एल्ली? अहो, माझी गंगी कुठं गेली?"

उजाडताच येसाजीराव टेकडीवर पोचले. गोठ्याची जमीन त्यांनीच आदल्या दिवशी झाडून घेतली होती. दगडासारख्या घट्ट मातीत जुन्या खुरांचे ठसे होते, आणि त्यांत, दारातून आत जाणारा, एक वाकडा खूर. तोही तितकाच जुना, तितकाच टणक. राखेखालून घंटा किणकिणली... हाताला येतील ते दगड रचून त्यांनी दार बुजवलं आणि घर गाठलं.

गोदावरीबाई चरवी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या.

"बुजवलंत?" त्या हळूच म्हणाल्या. "मग ती आता बाहेर कशी येणार?"

येसाजीरावांना ते दगड पुन्हा काढायचा धीर व्हायला फार दिवस गेले. काढले तेव्हा आत सगळं शांत होतं. फक्त दाराच्या आतल्या बाजूला, त्या हजारो वर्षांच्या मातीत, तोच वाकडा खूर उमटला होता. एकावर एक, पुन्हा पुन्हा, दार उघडायची वाट पाहत कुणी कितीतरी वेळ तिथंच उभं राहावं तसा.