वाकडा ठिपका

दुर्बिणीतून मोठं आतडं तपासताना संशयास्पद गाठ दिसली, की डॉक्टर तिच्या दोन्ही बाजूंना सुईने काळी शाई टोचून ठेवत. पुढे ऑपरेशन करणाऱ्याला जागा सापडावी म्हणून. त्यांचा दुसरा ठिपका दर वेळी जरा वर सरकायचा. "तुझी सही पोटातही वाकडीच," असं त्यांचा सर्जन मित्र चिडवायचा.

डॉक्टरांची आई आतड्याच्या कर्करोगाने गेली होती, तरी तपासणीचं नाव काढलं की ताई विषय बदलायची. अखेर एका दुपारी ती आली. "लहानपणी तुझी दुपटी मी धुतलीत," टेबलावर आडवी होत ती म्हणाली. "आता फेड पांग."

औषधाने तिला गुंगी आली. खोलीत मंद अंधार, यंत्राची संथ घरघर आणि पडद्यावर ती ओली, गुलाबी वाट. दुर्बीण हळूहळू मागे घेताना डॉक्टरांना नेहमी पाण्याखालून चालल्यासारखं वाटे, तसं आजही वाटत होतं. एका वळणावर दोन ठिपके दिसले. जुने, फिकट. दुसरा जरा वर.

"सर, हे तर तुमचेच," सिस्टर हळूच म्हणाली.

"हिची आधी कधीच तपासणी झालेली नाही."

डॉक्टरांनी दुर्बीण तिथेच थांबवली. ठिपक्यांच्या मधे काही दिसेना. त्यांनी निळा रंग फवारला, तेव्हा भिंतीला चिकटलेली एक चपटी गाठ उमटली, अगदी भिंतीच्याच रंगाची. ठिपके नसते तर ते सरळ पुढे गेले असते. गाठीखाली पाणी टोचून त्यांनी ती उचलली आणि तारेच्या फासात धरून कापून काढली.

रिपोर्ट आला. गाठ कर्करोगाच्या उंबरठ्यावर होती, पण मुळासकट निघाली होती. ताई वाचली. डॉक्टर दवाखान्याच्या जिन्यात बसून लहान मुलासारखे रडले. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ शोधू नये म्हणतात. त्यांनीही शोधलं नाही.

मग ताईच मागे लागली. "आता तुझी पाळी. आई तुझीही होती."

या वेळी टेबलावर ते होते आणि दुर्बीण त्यांच्या विद्यार्थिनीच्या हातात. अर्धवट गुंगीत ते पडद्याकडे बघत होते.

"सगळं स्वच्छ आहे, सर. फक्त..."

दोन ठिपके. दुसरा जरा वर.

तिने मधली जागा धुतली, रंग फवारला, पुन्हा पाहिली. "इथे काहीच नाही, सर."

खरंच अजून काही नव्हतं.

वरच्या ठिपक्यातून शाईचा बारीक धागा पाण्यात ओघळत होता, सुई नुकतीच बाहेर काढल्यावर ओघळतो तसा.