न बिचकणारी घोडी

लेकाचं वागणं मैनाक्काला मुळीच पटलं नाही. वर्षानं शूटिंगच्या माळावर उगवला, उभ्या उभ्या चहा घेतला, आणि जिला कॉलेजात असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं त्या साळूच्या मानेवर साधी थापही न मारता तिच्या कपाळाला पट्टी बांधू लागला.

"मेंदूचा डॉक्टर झालाय," मैनाक्का घोड्यांची निगा राखणाऱ्या मोतद्दाराला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "पर घोडीला राम राम घालायची अक्कल गेली."

त्या काळात संगणकानं रंगवलेल्या घोड्यांचा लोकांना वीट आला होता. पडद्याच्या कोपऱ्यात 'जिवंत घोडा' अशी मोहोर दिसली तरच लढायांच्या मालिका बघितल्या जात. पण जिवंत घोडा बिचकतो. पिढ्यान्‌पिढ्या घोडे शिकवणाऱ्या मैनाक्काच्या घराण्यात त्यावर एक रीत होती. मशाल असो की नगारा, घोड्याला आधी डाव्या अंगानं दाखवायचा, मग उजव्या. एका बाजूनं ओळखीची झालेली वस्तू दुसऱ्या बाजूनं समोर आली की घोड्याला ती नवीच वाटते. यात सकाळ जायची, आणि मालिकावाल्यांना सकाळ घालवायची नव्हती. म्हणून तिच्या लेकानं, यशोधननं, बनवलेली निर्भयपट्टी आली.

"ही करती तरी काय?"

"आई, मेंदूत बदामाएवढ्या दोन गाठी असतात. भीती तिथं उठते. घोड्याच्या मेंदूतला विचार करणारा भाग लहान, म्हणून तो आधी पळतो, मग बघतो. पट्टीतून बारीक लहरी जातात, गाठी गप्प होतात."

"गप बसवायची हौस तुला लहानपणापासनं."

यशोधन हसला नाही.

साळू शूटिंगसाठी पेटवलेल्या वेशीतून गेली. कान हलला नाही, पाऊल चुकलं नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एरवी प्रत्येक शॉटनंतर ती थरथरत थेट मैनाक्काकडे यायची आणि पदरात तोंड खुपसायची. आज ती जळत्या खांबाशेजारीच थांबली. शेपटीवर निखारा पडला, केस धुमसू लागले, तरी ती जागची हलेना.

"साळू, ये गं."

नुसती मान वळली. डोळ्यांत ओळख नव्हती. मैनाक्का धावली आणि उघड्या हातानं शेपटी विझवली. तळहाताला टरटरून फोड आले.

"काढ ती पट्टी. आत्ता."

यशोधननं काढली. "कळपातलं जनावर भ्यालं की कुणाला तरी बिलगतं," तो म्हणाला. "कुणाला बिलगायचं, तेही त्याच गाठींशी बांधलेलं निघालं. आम्हाला उशिरा कळलं."

"परत येईल का ती?"

"एका दिवसाची पट्टी आहे, येईल. फार दिवस घातली तर गाठी कायमच्या झोपतात."

"तुला कसं ठावं?"

"बाबा जायच्या आधी मी वर्षभर घातली होती. पहिली चाचणी स्वतःवरच केली."

पाऊसपाणी सांगावं तसं त्यानं सांगितलं. मैनाक्काचा हात भाजला होता आणि तो त्या हाताकडे भिंतीकडे बघावं तसा बघत होता. बापाच्या चितेपुढे तो असाच उभा राहिला होता, आणि तिनं त्याला चारचौघांत दगड म्हटलं होतं. त्यानंतर ती त्याच्याशी वर्षभर बोललीच नव्हती. विचारलं असतं, पोरा, तुला झालंय काय, तर? पण विचारेल ती मैनाक्का कसली.

"वाईट वाटून घेऊ नकोस," तो म्हणाला. "मला बरं आहे. कशाचीच भीती वाटत नाही."

दिवस कलला. वाऱ्यानं मांडवाची ताडपत्री फडफडली आणि साळू दचकली. चारी पाय ताठ, नाकपुड्या फुललेल्या. मग ती धडपडत आली आणि मैनाक्काच्या पदरात तोंड घालून थरथरू लागली. मैनाक्कानं भाजल्या हातानं तिची मान कुरवाळली. यशोधन दोन हात अंतरावर उभा होता. ती त्याच्याकडे वळली.

"साळू आली," ती म्हणाली. "तू न्हाई यायचास. मी जिती हाय, यशा, अन् तू पोरका झालास."