सात नंबरच्या खोलीचं उत्तर

यास्ना कीलोद्रान कुरिको गावातल्या त्या शीतगृहात परत आली, ती मार्चमधल्या एका भर दुपारी. सफरचंदांची तोडणी जोरात चालू होती, ट्रकांच्या रांगेनं पॉपलरच्या झाडांवर धूळ चढवली होती, आणि फाटकापासून ऑफिसपर्यंत एकानंही डेल्फीनचं नाव काढलं नाही. तिचं डोकं तिथंच तापलं.

तिथला कामगार डेल्फीन रेतामाल सात नंबरच्या खोलीत गुदमरून गेला, त्याला महिनाही झाला नव्हता. या खोल्यांत फळ भरलं की दार घट्ट बंद करतात, आतला प्राणवायू काढतात आणि नायट्रोजन सोडतात. फळ वर्षभर टिकतं, माणूस काही श्वासांतच कोसळतो. म्हणून प्रत्येक दारावर आत गेलेली, बाहेर आलेली माणसं मोजणारं एक छोटं यंत्र होतं. गॅस सोडण्याआधी ऑफिसातला संगणक त्याला विचारायचा, आत किती? यंत्र आकडा सांगायचं. दोघांच्या सिस्टीम वेगळ्या, एकाची भाषा दुसऱ्याला कळत नसे. मधला दुभाषा प्रोग्रॅम यास्नानं लिहिला होता. तेव्हा चाचणीसाठी दारातून येरझाऱ्या घालायला डेल्फीनच असायचा. "पोरी, मी आत आहे की बाहेर? मलाच कळेना झालंय!" असं ओरडून तो हसायचा.

मग कंपनीनं ऑफिसातले संगणक बदलले. यास्नानं बजावलं होतं, दुभाषा नव्यानं लिहावा लागेल, तोवर एकही खोली बंद करू नका. व्यवस्थापक क्रिस्तियान आल्दुनाते म्हणाला, "हंगाम संपू दे." पडद्यावर उत्तराची जागा कोरी यायला लागली. कोरं म्हणजे कोणी नाही, असं त्यानंच ऑफिसात संगणकावर बसणाऱ्या मिरेयाला सांगितलं, आणि मिरेयानं गॅस सोडायचं बटण दाबलं.

चौकशीत ठरलं की चूक मेलेल्याची.

"मी विचारलं होतं साहेबांना," मिरेया पडद्यासमोर बसून म्हणाली. तिच्या पुढ्यातला चहा निवून गेला होता. "कोरं का येतंय म्हणून विचारलं होतं, यास्ना. तर म्हणतात कसे, तुला पगार बटण दाबायचा मिळतो."

दात आवळून यास्नानं लिहून आणलेला नवा दुभाषा चालू केला. एकेका खोलीचं उत्तर यायला लागलं. शून्य. शून्य. शून्य.

सात नंबर: एक.

मिरेयाचा हात कळफलकावरच थांबला. "ती खोली रिकामी आहे. त्या दिवसापासून कुलूप आहे तिला."

"मोजणी अडकली असेल," यास्ना म्हणाली. "तो चालत आत गेला, बाहेर आला तो स्ट्रेचरवरून. यंत्राला कुठून कळणार?"

तिनं आकडा पुसला. शून्य आलं. दोघी बघत असतानाच त्याचा पुन्हा एक झाला.

यास्ना खोकं फोडून कोरं करकरीत यंत्र घेऊन सात नंबरपाशी गेली. दार हाताला गार लागलं. त्या खोलीचं शीतयंत्र बंद होतं, तरीही. तिनं जुनं यंत्र काढलं, नवं बसवलं आणि मिरेयाला फोन लावला.

"एक," मिरेया म्हणाली.

यास्नानं तार उपटली. यंत्र भिंतीवरून उतरवून हातात घेतलं. त्याचा पडदा काळा होता. भिंतीवर चार भोकं तेवढी उरली.

"आता?"

"एक." मिरेयाचा आवाज खाली गेला होता. "आणि ऐक ना, मी विचारलेलंच नाही. आपणहून येतंय. सारखं. एक, एक, एक."

न विचारता बोलायची सोय त्या प्रोग्रॅममध्ये नव्हती. यास्नानं तो स्वतः लिहिला होता.

तेवढ्यात आल्दुनाते तरातरा आला. मागून हातात पाव घेतलेले चार-पाच कामगारही आले.

"काय तमाशा आहे? उद्या तपासणीवाले येतायत. त्या खोलीचं उत्तर कोरं ठेव."

"काय ठेवू?"

"कोरं. ऐकू येत नाही का?"

यास्नाच्या कानशिलांत रक्त उसळलं. "परत कोरं? साहेब, एक माणूस गिळला त्या कोऱ्यानं! त्याच्या बायकोला अजून कोणी भेटायलाही गेलेलं नाही, आणि तुम्हाला परत कोरं हवंय? कोणी नाही ना आत? मग उघडा दार. जा आत. सगळ्यांसमोर सांगा, कोणी नाही म्हणून!"

कामगार हलले नाहीत. कोणी पावाचा घासही घेतला नाही.

आल्दुनातेनं किल्ली काढली. हवा मोजून खात्री केली, दार सरकवलं आणि आत गेला. रिकाम्या खोलीत त्याचे बूट वाजत गेले.

"दोन," फोनवर मिरेया म्हणाली.

बूट थांबले.



मग तो बाहेर आला. मानेवरून हात फिरवत, कोणाकडे न बघता म्हणाला, "कोणी नाही."

"आता एक दाखवतंय ना?" यास्नानं विचारलं.

"शून्य," मिरेया म्हणाली. "दोघं बाहेर आले, यास्ना."

आल्दुनाते गाड्यांच्या दिशेनं चालू लागला. यास्ना त्याच्या मागं गेली. तिचं बोलून झालं नव्हतं. ती पोचली तेव्हा तो पिकअपमध्ये बसला होता, स्वतःचा पट्टा लावून. गाडी टिंग टिंग वाजत होती. शेजारी बसलेल्यानं पट्टा लावलेला नाही, म्हणून समोर लाल दिवा लुकलुकत होता.

शेजारची सीट रिकामी होती.

त्यानं इंजिन बंद केलं. पुन्हा चालू केलं. टिंग, टिंग, टिंग.

काचेतून त्याचा चेहरा दिसत होता. यास्नाला त्याची दया आली नाही.

तिकडे न बघता त्यानं हात लांबवला, शेजारचा पट्टा ओढला आणि अडकवला. आवाज थांबला.

पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर पुढेच ताणलेला राहिला.