कॅप्टन पायी चालत नसतो

थर्झा मन्सीबाई अजून धडधाकट आहेत, खोटं वाटलं तर उद्या जाऊन विचारा, हे अँब्रोज क्विल्टर आधीच सांगून टाकतात. पबमधले निम्मे दिवे मालवलेले असतात. पोरं ग्लास धरून जवळ सरकतात.

गेल्या वर्षीची दहा जूनची रात्र. थर्झाबाईंची म्हातारी घोडी पुडिंग पलीकडच्या गावात जनावरांच्या डॉक्टरकडे होती. बाई आणायला गेल्या, तर घोडी न्यायच्या गाडीचं चाक पंक्चर. डॉक्टर म्हणाला, सकाळी न्या. बाई म्हणाल्या, तिला परक्या घरी झोप लागत नाही. खरं म्हणजे झोप बाईंनाच लागत नव्हती. नवरा गेला, शेत विकलं, उरली ती ही एकटी घोडी. दोर हातात धरला आणि माळावरच्या रस्त्याने निघाल्या.

त्या तारखेला त्या रस्त्याने गावातलं कुणी जात नाही. इंग्लंडच्या राजाला हरवून संसदेची फौज ह्याच तारखेला ह्याच माळावर गोळा झाली होती. शस्त्रं ठेवा, घरी जा, असा संसदेचा हुकूम आला. शिपाई हलले नाहीत. पावणेचारशे वर्षं होऊन गेली, अजूनही हललेले नाहीत, एवढंच.

माळाच्या मध्यावर पुडिंग थांबली.

समोर रस्ता भरला होता. लाल डगले. ओळ इतकी सरळ की बाईंना आधी कुंपणच वाटलं. एवढी माणसं, आणि श्वास एकाचाही ऐकू येत नव्हता.

ओळीतून एक अधिकारी पुढे आला. पायात स्वाराचे उंच बूट. घोडा नाही.

"कॅप्टन पायी चालत नसतो," तो म्हणाला. "घोडी फौजेच्या कामी लागेल."

थर्झाबाईंनी त्याला शिवी हासडली. अँब्रोज ती इथे पुरी सांगतात.

ओळ शहारली. त्या फौजेत तोंड घाण करणाऱ्याच्या जिभेला तापलेली सळई लावत. मागच्या एका पोरसवदा शिपायाने तोंडावर हात ठेवला. तोंड असायला हवं, तिथे...

"जीभ बाहेर काढ," कॅप्टन म्हणाला.

त्याने दोर पकडला. बाईंचा हात मनगटापर्यंत बधिर झाला. पुडिंगने एक पाऊल टाकलं. त्याच्याकडे. मग दुसरं...

बाईंनी दोर सोडला नाही. कॅप्टनच्या खांद्यावरून त्यांनी थेट ओळीकडे पाहिलं.

"काय रे, अधिकाऱ्यांना जाब विचारायला तुम्ही आपली माणसं निवडून दिली होती ना? राजाला भ्याला नाहीत, संसदेला भ्याला नाहीत. आणि ह्या एका बुटाला भिता? हात वर करून सांगा. घोडी ह्याची की माझी?"

ओळीतल्या नजरा बाईंकडे वळल्या.

"ही सभा नाही," कॅप्टन म्हणाला.

मागून कुणीतरी हळूच म्हणालं, "आता आहे."

"ज्यांना वाटतं घोडी बाईंची..." तोच आवाज.

एक हात वर गेला. मग दुसरा. मग सगळी ओळ. काही हातांना बोटं नव्हती. तेही मोजणीत धरले.

कॅप्टनने ओळीकडे पाहिलं. टोपी सरळ केली. दोर सोडला. शिस्त म्हणजे शिस्त.

आणि रस्ता रिकामा.

"म्हणजे कॅप्टन पायी गेला?" पोरांपैकी कुणीतरी हसत विचारतं.

अँब्रोज हसत नाहीत. ग्लास खाली ठेवतात.

"गेला नाही."

सकाळी बाई तबेल्याकडे गेल्या. पुडिंग आत गवत खात होती. दाराबाहेर दगडी फरशीवर दोन बुटांचे ठसे होते. दगडात... बोटभर खोल. येणारी पावलं नाहीत. जाणारीही नाहीत.

आणि टाचा दाराकडे, बाबांनो. पहाऱ्यावर उभं केलेल्या माणसाच्या असतात ना... तशा.