मिरीच्या गोणीला साक्षीदार

भेसळ तपासणारी बाई बाजारात शिरली, की शटरं धडाधड खाली यायची. उघडं राहायचं ते एकच दुकान, वजनकाटे दुरुस्त करणाऱ्याचं. त्या दुपारी चपलेचा अंगठा तुटला म्हणून ती त्याच्या पायरीवर टेकली.

"बसा निवांत," तो म्हणाला. "माझ्याकडे खायचं काही नाही, म्हणजे भ्यायचंही कारण नाही."

"काट्यांत खोट नसते वाटतं?"

"असते ना! ती मीच काढतो. तुमचंही तेच काम... फक्त लोक मला चहा पाजतात."

ती खुदकन हसली. स्वतःचं हसू तिला अनोळखी वाटलं, इतकी हसण्याची सवय गेली होती. घरी एकटीचं ताट. मैत्रिणींनी जेवायला बोलावणं कधीच सोडलेलं. न जाणो, ही बया आमच्या पानातही काही शोधायची!

मग चप्पल धड असतानाही तिचे पाय तिथेच थबकू लागले. ती दिसली की तो पायरी झटकायचा, आणि त्याचे कान लालबुंद व्हायचे.

एक दिवस समोरच्या वखारीत मिरीच्या गोण्यांत तिला पपईच्या वाळक्या बिया सापडल्या. नमुना सील करायला बाहेरचा साक्षीदार लागतो. तिने हाका मारल्या. कुणाला दवाखाना आठवला, कुणाला बायको. वखारवाला गालातल्या गालात हसत होता. साक्षीदार नाही, तर नमुना नाही.

"मी करतो सही." काटेवाला हात पुसत पुढे आला.

तिने त्याला बाजूला घेतलं. "वेड लागलंय का? याच बाजारावर पोट आहे तुमचं!"

"लागलंय... बरेच दिवस झाले. तुम्हालाच कळत नव्हतं."

"सही केलीत, तर खटला संपेपर्यंत आपल्याला बोलताही यायचं नाही. वकील म्हणेल, बाईने आपलाच माणूस उभा केला."

"किती चालतो खटला?"

"वर्षानुवर्षं."

"आणि नाही केली तर?"

"तर हा माल घरोघरी जाईल."

त्याने वखारीतल्या गोण्यांकडे पाहिलं. "थांबाल?"

"थांबेन... तुम्ही?"

तो कागदाकडे गेला आणि त्याने ठसठशीत सही केली.

तिने लाखेवर शिक्का दाबला. "साक्षीदार, आपण आता जाऊ शकता," ती चारचौघांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. तो वळला मात्र, तिला रडू आवरेना.