चार माळ्यांची सावली

हंसानं पुठ्ठ्याच्या इमारतीच्या खिडकीला डोळा लावला, तर पलीकडच्या खिडकीतून दुसरा एक डोळा तिच्याकडेच बघत होता!

"अगो बय..." ती दचकून मागं सरली. काखेतली रिकामी पाटी सुटली आणि मारुतीच्या पारावरून गडगडत खाली गेली.

पुठ्ठ्याच्या पलीकडून एक तरुण उभा राहिला. सावळा, शिडशिडीत, केसांत लाकडाचा भुसा. तो हसू दाबायला बघत होता, पण ते काही त्याला जमत नव्हतं.

"घाबरलात?"

"मी? मी कशाला घाबरू!" हंसानं पदर खोचला. "पन दुसऱ्याच्या घरात असं कुनी डोकावत नाय."

"डोकावत तर तुमीबी होता. आनि घर माझंच म्हना ना... मीच जोडलंय ते."

हंसानं पुन्हा एकदा त्या घराकडे बघितलं. खरं तर ती तीन घरं होती, एका रांगेत उभी, प्रत्येकाला चार माळे. इवल्या गॅलऱ्या, इवले जिने, पुढं निळ्या कागदाची खाडी. कागदाची खाडी जिथं संपत होती तिथं हिरवा रंग फासला होता, आणि ते बघून हंसाच्या कपाळाला आठी पडली.

"हितं आमचं खळं हाय. तुमी त्याच्यावर गवत लावलंत?"

"गवत नाय, बगीचा हाय तो."

"आनि बोंबील कुठं वाळवायचे? तुमच्या गॅलरीत?"

तरुणानं वाकून त्या हिरव्या रंगाकडे बघितलं. हंसानं पाटी उचलली, केस मागं सारले आणि चालू पडली. पण पाराचा कोपरा वळताना तिनं मागं बघितलंच. तो तिथंच उभा होता, आणि आता हसू दाबायचा प्रयत्नसुद्धा करत नव्हता.

त्या वर्षी तारापूरला विजेच्या मोठ्या केंद्राचं काम जोरात चाललं होतं. देशभरातून माणसं येत होती आणि बोईसरात खोली मिळता मिळत नव्हती. अशा वेळी मुंबईच्या एका सेठची नजर बंदरपाड्याच्या खाडीकाठावर पडली होती. सपाट, मोकळी, वाऱ्याची जागा. पाड्यातल्या कोळणी तिथं दोऱ्या बांधून बोंबील वाळवत. त्यालाच सगळे खळं म्हणत. जमीन गावकीची, म्हणजे एकट्यादुकट्यानं विकता येणारी नव्हती. म्हणून सेठचे मॅनेजर दळवीसाहेब पुठ्ठ्याच्या इमारती घेऊन आले होते, आणि सोबत हा सुतार, कमलाकांत. एडवणचा, होड्या बांधणाऱ्या घरातला.

पहिल्या बैठकीत दळवीसाहेबांनी पान जमवत जमवत सगळं समजावून सांगितलं. इमारती झाल्या की पाड्यात नळ येणार, विजेचे दिवे येणार, बंदरापर्यंत पक्का रस्ता होणार.

हंसाचे वडील, नामदेव तांडेल, लगेच उठले. "माझ्या बायकोची मान पानी वाहून वाहून वाकली. नळ येत असंल, त बोंबील आपन दुसरीकडं वाळवू."

"दुसरीकडं म्हंजे कुठं, बाबा?" हंसा मागून बोलली. सगळ्या माना वळल्या. "एका बाजूला चिखल, दुसऱ्या बाजूला वाड्या. उघडं ऊन आनि उघडा वारा या एका जागेला हाय. नळाचं पानी मलाबी पायजे. पन चुलीवर भात नसंल त पानी पिऊनच निजायचं काय?"

बाया हसल्या. तरणी पोरं मात्र दळवीसाहेबांच्या बाजूची होती. इमारतीत माणसं आली की मासळी दारातच खपेल, असं त्यांचं म्हणणं. आणि हंसाची सोजराआते? तिला तर चौथ्या माळ्यावरच राहायचं होतं. "वर डास येत नाय म्हनतात," ती म्हणाली, आणि वाद असा काही पेटला की गावकीचे म्हातारे पंच धर्माजी यांना शेवटी देवळाची घंटा वाजवून सगळ्यांना गप्प करावं लागलं. निर्णय लांबणीवर पडला.

तोवर कमलाकांतला पाड्यातच राहणं आलं. जागेची मापं घ्यायची होती, खुंट्या ठोकायच्या होत्या. त्याच्या जेवणाची सोय लागली सोजराआतेकडे. आणि आतेला नेमकं त्याच दिवसांत वाढायला उठवेनासं झालं.

"हंसा, जरा कालवन वाढ गो त्याला. माझे गुडघे धरलेत."

हंसा वाढायची. तो मान खाली घालून जेवायचा... पण कालवण संपायच्या आत ताट पुढं करायचा.

"एवढं खाता आनि आमचंच खळं खाली करता," ती एकदा म्हणाली.

"मी कुठं करतो? मी खुंट्या ठोकतो. सकाळी बघतो तर निम्म्या उपटलेल्या असतात."

"खेकडे उपटत असतील."

"खेकड्यांच्या हातात हिरव्या बांगड्या असतात काय हो इकडं?"

हंसाचे हात झटकन पदराखाली गेले. सोजराआते भिंतीकडे तोंड करून खोकली, पण ते खोकणं बरंचसं हसण्यासारखं होतं.

"बोट बांधायची सोडून तुमी इमारतीच्या मागं का लागलात?" हंसानं विचारलं, मुख्यतः विषय बदलायला.

त्यानं हातातला घास ताटात ठेवला. "घरात भाऊ हायत बांधायला. मला... उंच काहीतरी बांधायचं होतं. हे काम झालं तर दोन वर्सं हितंच राहीन." मग ताटाकडे बघत, हळूच, "हितलं कालवन चांगलं हाय."

त्या दिवशी पाणी भरताना हंसाची कळशी दोनदा भरून वाहिली. तिला कळलंच नाही.

दुसऱ्या बैठकीत गाडी सावलीवर येऊन अडली. हंसाचं म्हणणं, इमारती उठल्यावर खळ्याची जी शिल्लक राहील त्या जागेवर बोंबील वाळवायचे ठरवले, तरी चार माळ्यांची सावली तिथं पडणार. दळवीसाहेबांचं म्हणणं, सावली पडेल ती काठापुरती. तासभर नुसतं "पडेल" आणि "नाय पडनार" चाललं. मग धर्माजी वैतागून म्हणाले, "चार माळ्यांएवढा बांबू उभा करा आनि बघा काय ते!"

पण बघायचं कधी? दळवीसाहेब म्हणाले, भर दुपारी. बाया म्हणाल्या, दिवस बुडताना. यावरही भांडण झालं. शेवटी उन्हं कलली की बघायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी सगळा पाडा खळ्यावर जमला. कमलाकांतनं लांब बांबू एकाला एक जोडले, टोकाला सोजराआतेचं जुनं लाल लुगडं बांधलं. हंसा दोर धरायला पुढं झाली. तिथूनच तिला दळवीसाहेबांचं पुटपुटणं ऐकू आलं.

"कमलाकांत, वरचा बांबू जरा खाली सरकवून बांध. कुणाच्या लक्षात येतंय?"

कमलाकांत बांबूकडे बघत राहिला. मग हंसाकडे. ती दोर घट्ट धरून उभी होती, श्वास रोखून.

"साहेब," तो म्हणाला, "इमारत चार माळ्यांची आनि बांबू तीन माळ्यांचा... नाय जमायचं मला."

आणि त्यानं गाठ होती तिथंच आवळली.

बांबू उभा राहिला. लाल लुगडं वाऱ्यावर फडफडलं. आणि त्याची सावली... खळ्यावरून, एकेक दोरी ओलांडत, पार शेवटच्या रांगेच्या बोंबलांवर जाऊन पडली. नामदेव तांडेल सावलीच्या टोकाशी गेले, खाली वाकून एक अर्धओला बोंबील हातात घेतला, बायकोकडे बघितलं.

"नळ आपन सरकारकडं मागू," ते म्हणाले.

जमीन द्यायची नाही म्हणून हात वर झाले. सगळे नाहीत, पण पुरेसे. बायांनी हंसाला मिठ्या मारल्या. दळवीसाहेब खिलाडूपणानं हसले, पुठ्ठ्याच्या इमारती कापडात गुंडाळून एस.टी.त बसले. कमलाकांतही त्याच गाडीनं गेला. जाताना सोजराआतेच्या पाया पडला, तिच्याशी हळूच काहीतरी बोलला. हंसाकडे नुसतं बघितलं. काहीतरी म्हणणार होता, पण कंडक्टरनं घंटी मारली.

हंसा जिंकली होती. आणि रात्री तिच्या ताटातलं कालवण तसंच राहिलं.

"कालवनात मीठ नाय काय?" आईनं विचारलं.

"हाय."

"मग?"

मग काय... मग काहीच नाही. त्याला आता दोन वर्षं इथं राहायचं कारण उरलं नव्हतं, आणि ते कारण तिनंच उपटून टाकलं होतं.

त्या आठवड्यात बोईसरच्या बाजारासाठी सोजराआतेच्या पाटीत मासळी होती, पण आतेचे गुडघे पुन्हा धरले. "तूच जा गो," ती म्हणाली. "आनि बाजारात नको बसू. पलीकडं नवीन इमारती चालल्यात, तिथं मजूर लय हायत. पटकन खपंल."

हंसा गेली. वाळूचे ढीग, सिमेंटच्या गोण्या, हिंदीतली आरडाओरड. "ए मछलीवाली, इधर आओ!" पाटी खरंच पटकन रिकामी झाली. ती निघणार, तेवढ्यात वरून, पार आभाळातून हाक आली.

"खेकडे हायत काय?"

तिनं मान वर केली. चौथ्या माळ्याच्या कठड्याशी कमलाकांत उभा होता, केसांत तोच भुसा.

"वर या ना! बघायला तरी!"

"मी नाय येनार!"

"घाबरलात?"

झालं. हंसानं पाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि जिना चढू लागली. आयुष्यात ती कधी जिना चढली नव्हती. दुसऱ्या माळ्यावर तिनं भिंत धरली. तिसऱ्यावर तिला दम लागला. चौथ्यावर पोचली तेव्हा कमलाकांतनं हात पुढं केला, आणि तिनं तो धरला. सोडायचं दोघांच्याही लक्षात आलं नाही.

खाली ताडांचे शेंडे होते. शेंडे! तिनं ते आजवर खालूनच बघितले होते. त्यांच्या पलीकडे भातखाचरं, खाचरांपलीकडे खाडीची चमकती रेघ, आणि त्याहून पुढं सगळा दर्या, एका नजरेत मावेल असा. वारा थेट तोंडावर येत होता.

"देवा..." ती म्हणाली. मग, जरा रागानंच, "हे एवढं चांगलं दिसतं, हे आधी का नाय सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू हात वर केला नसता."

'तू' म्हणाला तो. हंसाच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"केला असता," ती म्हणाली. "वरून कितीबी चांगलं दिसलं तरी बोंबील खालीच वाळतात."

"म्हनूनच..." त्यानं तिच्या हातातल्या आपल्या हाताकडे बघितलं. "म्हनूनच मी खाली यायला तयार हाय. काम हितं करीन, राहायला पाड्यात येईन. तुझी ना नसंल तर... म्हंजे... आईला घेऊन येऊ का तुझ्या बाबांकडं?"

एवढ्या उंचावर वारा एवढा, आणि तरी तिला त्याचा श्वास ऐकू येत होता.

"बाहेरच्या मानसाला पाड्यात जागा द्यायची म्हंजे गावकीची बैठक बसनार," ती म्हणाली. "लोक वाद घालनार."

"मग माझ्या बाजूनं कोन बोलंल?"

हंसानं त्याच्या केसांतला भुसा बोटांनी झटकला. "मी बोलनार. मी बोलले की जिंकते, ठाव हाय ना तुला?"

बैठक होळीच्या आधी बसली. एडवणहून कमलाकांतची आई आली होती, हिरव्यागार लुगड्यात, सगळ्यांना बिचकून. वाद झालाच. कोणी म्हणालं, सुताराला दर्याचं काय कळणार. कोणी म्हणालं, होड्या बांधणाऱ्या घरातला आहे, पाड्याला बरंच. एकानं तर तो घोरतो का, असंही विचारलं. धर्माजींनी पुन्हा घंटा वाजवली.

"नामदेवाची पोर बोलनार होती ना? बोल गो. तुझं काय म्हननं हाय?"

हंसा उठली. पदर खोचला. सगळा पाडा गप्प झाला. समोर, खांबाला टेकून, कमलाकांत तिच्याकडे बघत होता... आणि तिच्या तोंडून शब्दच फुटेना. तिनं तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मानेपासून कपाळापर्यंत ती लालबुंद झाली, आणि मटकन खाली बसली.

मग नामदेव तांडेल हसू लागले, मग बाया, मग सगळा पार.

"ही पोर गप बसली!" सोजराआते गुडघ्यांचं सगळं दुखणं विसरून ताडकन उभी राहिली. "आता आनखी काय सांगायचं हाय? धर्माजीदादा, वाजवा घंटा!"