वाडीच्या गोदामातला बंब

यावर कोणी विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू!

पण वाडीतल्या भंगाराच्या गोदामात जे झालं ते खरं आहे. आणि रात्री नाही... मे महिन्याच्या भर दुपारी झालं. अमरावती रोडवरचे ट्रकसुद्धा सावली धरून उभे होते.

गोदामात जुना आगीचा बंब होता. सायरनच्या आधीच्या काळातला. तेव्हा ड्रायव्हरशेजारचा माणूस दोरी ओढून पितळी घंटा वाजवायचा, नि अख्खा रस्ता बाजूला सरायचा.

रुपरावांनी हा बंब वर्षानुवर्षं चालवला. फायर स्टेशनसमोर मांडून ठेवा म्हणून किती साहेबांचे उंबरठे झिजवले! प्रत्येक साहेब म्हणाला, पाहू. पाहता पाहता लिलाव झाला.

आता चंदन भंगारवाल्याने गॅस कटर पेटवला होता.

हात जोडून झाले. शिव्या देऊन झाल्या. मग रुपरावांनी शेवटचा डाव टाकला.

"काप गा, काप. पन गोपाळरावले विचारलं काय?"

"कोन गोपाळराव?"

"घंटा वाजवनारा. आग विझवून आलं का आधी टाकी भरायची, मंग चहा. असा आमचा नेम. एक दिवस टाकी भरायची राह्यली... अन् हा याच सीटवर गेला."

चंदनचा हात थांबला.

"काल इथंच उभा होतो मी. पान हालत नव्हतं. अन् सीटजवळून..."

रुपराव थांबले. कुठे थांबायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक.

"...टण्. टण्. घंटा वाजली गा! दोरी आपोआप हालून राह्यली होती."

चंदनने कटर विझवला. "काका, मजाक नका करू."

जमलं! रुपराव मनात हसले.

तेवढ्यात...

टप्.

बंबाच्या खाली.

टप्. टप्.

टाकी कित्येक वर्षांची कोरडी. तळ गंजून फुटलेला. तरी मातीवर ओला डाग पसरत होता... आणि आतून आवाज येत होता. कोणीतरी टाकी भरत असल्यासारखा.

हे रुपरावांच्या गोष्टीत नव्हतं.

त्यांनी बोलायला तोंड उघडलं, तर मागून आवाज आला.

"अवो, काहून त्या पोराले भेवाडून राह्यले?"

डबा घेऊन आलेल्या वच्छलाबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी घंटेची गोष्ट ऐकली होती.

"घंटा कशी वाजन? रिटायर झाले त्या दिवशी खोलून घरी आनली न तुम्ही! आपल्या देवघरात हाये. आज सकाळीच आरतीले वाजवली म्या!"

चंदन पोट धरून हसायला लागला.

"अरे, घंटेचं सोड! खाली पाह्य... पानी पाह्य गा!" रुपराव ओरडले. "हे खरं हाये!"

चंदनने खाली पाहिलंच नाही. कटर पुन्हा पेटवला.

"आता पानी काय, काका? मंग चहा बी ठेवला असन गोपाळरावनं!"